पावणेसहा इंच

गावाचं नाव आहो.
फोनवर मावशीला सांगितलं तर ती हसत सुटली,
म्हणजे गावालासुद्धा नावानं हाक मारायची नाही होय?
ॲरिझोनाच्या दक्षिण टोकाला
तांब्याची खाण बंद पडल्यावर मागे राहिलेलं गाव.
चौकात ताडाची झाडं, पांढरं चर्च,
आणि भोवतीच्या डोंगरांत भोकं.
माझं काम भोकं बुजवायचं.

सरकारी तक्ता: अनुक्रमांक, खोली, धोका, उपाय.
उपायाच्या रकान्यात तीन वर्षं एकच शब्द लिहीत आले.
पोरं उतरतात दोर लावून,
कुणाची मोटारसायकल पडते, कुणाचा कुत्रा.
बुजवणं म्हणजे पुण्यच की.
दोन रसायनं एकत्र ओतायची, फेस फुगतो
भाकरीसारखा, आणि मग दगड होतो.
वर माती.
तक्त्यात फुली.

एक्केचाळीस नंबरला मार्व्हा टिलसन आडवी आली.
शाळेची बस चालवून निवृत्त, गुडघे गेलेले,
काखेत घडीच्या दोन खुर्च्या,
हातात टिकटिक करणारं मोजणीयंत्र.
म्हणाली, आज बस.
बुजवायचंय ते उद्या बुजव.

बसले. फेब्रुवारी होता,
तरी दगड दिवसभराचं ऊन थोडं थोडं परत देत होते.
अंधार पुरता झाल्यावर, सात अठ्ठावीसला,
भोकानं श्वास सोडला.
टिक.
टिक. टिकटिकटिक.
सशाचे वाटावेत असे कान, नाकावर उभं पान,
मुठीएवढी जनावरं
माझ्या गालाजवळून गेली आणि एकही आदळलं नाही.
मी डोळे मिटून घेतले होते.
तेही त्यांना ऐकू आलं असेल.

वटवाघूळ, मी पुटपुटले, आणि माझी मलाच गंमत वाटली.
इथे कुठला वड?
शेकडो मैलांत एक पारंबी नाही.
सग्वारोवाघूळ म्हणावं, तर त्या फुलांवर येणारी वेगळी,
ती वसंतात सरहद्दीपलीकडून येतात
तोंडाला पराग माखून, कुणाला कागद न दाखवता.
ही इथलीच. थंडीत झोपतही नाहीत.
जमिनीच्या पोटातली ऊब लागते त्यांना,
आणि आम्ही तांब्यासाठी खणलं, तांबं नेलं,
ऊब विसरून गेलो.

दोनशे सहा, मार्व्हा म्हणाली.
थांब, एक परत आत गेलं. दोनशे पाच.

दार युसेबियोनं केलं.
उभ्या खांबांवर आडव्या सळया, दोन सळयांमध्ये
पावणेसहा इंच.
पोराचं डोकं जात नाही, पंख जातात.
तो जोड देत होता, मी मोजपट्टी धरून,
पावणेसहा, पावणेसहा, म्हणत होते आपल्या भाषेत.
त्यानं मुखवटा वर केला. काय पुटपुटतेस?
म्हटलं, आकडा आहे. पण आमच्या गावाकडे
पावणे म्हणजे पाहुणेसुद्धा.
सहा पाहुणे? त्यानं विचारलं.
दोनशे पाच, मी म्हटलं.
तो हसला, ठिणग्या उडाल्या,
गेटाला अजून गंज चढायचाय.

सदतीस नंबर मात्र कुणाला सांगितलेला नाही.
मागच्या वर्षीचा जानेवारी, भर दुपार,
बाहेर चिटपाखरू नाही.
खोली अडुसष्ट फूट. उपाय: बुजवली.
मोजणीचा रकाना तेव्हा तक्त्यात नव्हता.
आता मी पेन्सिलीनं आखलाय.
सदतीससमोर शून्य लिहायला हात होत नाही
आणि दुसरं काही मला ठाऊक नाही.

एखाद्या संध्याकाळी खुर्ची घेऊन तिथे जाते.
मातीवर आता थोडं गवत आहे.
सात अठ्ठावीस होतात,
सात चाळीस,
अंगठा बटणावर.

कुठे गेली होतीस, मार्व्हा विचारत नाही.
खुर्ची तेवढी घडी घालून ठेव म्हणते,
बिजागरीत वाळू जाते.